मान दुखली, दोन दिवसांनी तोंड वाकडं झालं: तरुण वयातल्या स्ट्रोकसाठी पायरीपायरीने मार्गदर्शक

तिशी-चाळिशीतल्या धडधाकट माणसाला अर्धांगवायूचा झटका आला की घरात पहिला प्रश्न एकच असतो. ‘ना बीपी, ना शुगर, याला कसा आला?’ अशा वेळी ज्या कारणाचा विचार हमखास मागे पडतो ते म्हणजे मानेतली रक्तवाहिनी आतून फाटणं. डॉक्टर त्याला ‘डिसेक्शन’ म्हणतात. सगळ्या वयांतले इस्केमिक, म्हणजे रक्तपुरवठा तुटून होणारे स्ट्रोक मोजले तर याचा वाटा जेमतेम दोन टक्के निघतो. पण पन्नाशीच्या आतले रुग्ण वेगळे काढले तर साधारण पाचात एक, काही पाहण्यांत चारात एक रुग्ण याचाच असतो.

आत काय होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढच्या पायऱ्या पाठ कराव्या लागणार नाहीत. मेंदूकडे चार मोठ्या धमन्या जातात. पुढून दोन कॅरोटिड, आणि मागून मणक्यांच्या भोकांतून वर चढणाऱ्या दोन व्हर्टिब्रल. धमनीची भिंत तीन पदरी असते. कोटाच्या बाहीचं अस्तर उसवलं की हात अस्तर आणि कापडाच्या मध्ये शिरतो ना, तसंच आतला पदर चिरला की रक्त भिंतीत शिरतं. भिंत फुगते, वाट अरुंद होते आणि चिरलेल्या जागी गुठळी धरते. ती गुठळी सुटून मेंदूत अडकली की स्ट्रोक. चीर पडणं आणि गुठळी सुटणं यात बहुतेकदा काही तास ते काही दिवस जातात. वाचवायला मिळणारी सवड ती हीच, आणि त्या काळात रुग्णाची तक्रार फक्त मानेची किंवा डोक्याची असते.

१. साधी नसलेली मानदुखी ओळखा

आधी दिलासा: मान दुखणाऱ्या जवळपास कुणालाच हा आजार नसतो. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार वर्षाला लाखात तीनेक माणसांना तो होतो. म्हणून नुसत्या दुखण्यावर घाबरू नका, दुखण्याची जात बघा.

ही दुखी नवी असते. ‘अशी कधीच दुखली नव्हती’ हे वाक्य रुग्ण स्वतःहून बोलतो. ती एका बाजूची असते आणि मान न हलवताही चालूच राहते. कॅरोटिड असेल तर मानेची बाजू, जबडा, डोळ्यामागे, कपाळ. व्हर्टिब्रल असेल तर मानेच्या मागे आणि डोक्याच्या मागच्या भागात. सोबत पुढच्यातलं काहीही एक दिसलं तर लगेच, ज्या रुग्णालयात सीटी स्कॅन आहे तिथे जा:

- एका डोळ्याची पापणी किंचित उतरलेली आणि त्याच डोळ्याची बाहुली लहान. फरक मिलिमीटरभराचा असतो, आणि मंद उजेडात जास्त कळतो. फ्लॅश न लावता समोरून फोटो काढा आणि जुन्या सेल्फीशी ताडून बघा. (आधारवरचा फोटो यासाठी कुचकामी आहे, त्यात कुणाचेच डोळे सारखे नसतात.)
- नाडीच्या ठोक्याबरोबर एका कानात सूं-सूं आवाज. रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त ऐकू येतो.
- एका डोळ्यासमोर काही मिनिटं पडदा येऊन जाणं, किंवा हात-पाय, बोलणं थोडा वेळ बिघडून आपोआप ठीक होणं. ‘गेलं ना आता’ म्हणून झोपू नका. पुढचा मोठा झटका कधी कधी अशीच सूचना देऊन येतो.
- चक्कर येऊन आधाराशिवाय बसता-उभं राहता न येणं, दोन-दोन दिसणं, गिळताना ठसका, न थांबणारी उचकी.
- आंघोळीचं गरम पाणी चेहऱ्याच्या एका अर्ध्या भागावर आणि अंगाच्या उलट बाजूला गरमच न लागणं. मेंदूच्या देठाच्या एका बाजूचा रक्तपुरवठा तुटल्याची ही खूण इतकी नेमकी आहे, की हे सांगितल्यावर न्यूरॉलॉजिस्ट खुर्चीतून उठतो.

इथला सापळा म्हणजे ‘स्पॉन्डिलायटिस’. एक्स-रे काढला जातो, त्यात ‘मणका सरळ झालाय’ असा शेरा येतो, पट्टा मिळतो, वर शेक आणि ट्रॅक्शन, म्हणजे वजन लावून मान ताणणं. एक्स-रेमध्ये धमनी दिसतच नाही, त्यामुळे तो नॉर्मल असो वा नसो, या प्रश्नाचं उत्तर त्यातून मिळत नाही. दुसरा सापळा चक्करचा. कानाची चक्कर समजून डोकं झटकन फिरवून आडवं पाडण्याची कसरत करतात. चक्करच्या आधी मान दुखत होती हे सांगितलं नाही, तर चांगला डॉक्टरही ती करून बसेल. आणि मॉलिश? तेल कुठलंही असो, या दिवसांत मान रगडायची नाही.

२. मागचा महिनाभर काय झालं ते आठवा

डॉक्टर विचारतील, किंवा विचारणार नाहीत. तुम्ही आठवून ठेवा.

अपघात, गाडीला मागून बसलेली धडक, दहीहंडीच्या थरावरून पडणं, कुस्ती, जिममध्ये जड वजन मारणं ही कारणं लोक सांगतात. न सांगितली जाणारी कारणं किरकोळ वाटतात: जोराचा खोकला-शिंकांचा आठवडा, नुकताच झालेला संसर्ग, पार्लरमध्ये बेसिनच्या कडेवर मान टाकून केस धुणं, दिवाळीच्या साफसफाईत तासभर मान वर करून जळमटं काढणं, शीर्षासन-सर्वांगासन-हलासन, आणि बाळंतपणानंतरचे आठवडे. मायग्रेन असलेल्यांमध्ये हा आजार थोडा जास्त आढळतो. त्यांची अडचण अशी, की नवी डोकेदुखीही जुन्या मायग्रेनच्या खात्यात जमा होते.

सलूनमधल्या मान मोडण्याबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं. कटिंग झाली, चंपी झाली, की कारागीर एक तळहात हनुवटीखाली घेतो, दुसरा डोक्यामागे टेकवतो, बोलता बोलता मान सैल पाडून घेतो आणि गिऱ्हाईक बेसावध झालं की झटका देतो. कट्ट. मग दुसरी बाजू. आवाज येतो सांध्यातल्या द्रवातून, हाड ‘जागेवर बसल्याचा’ तो नाही. आता आत बघा. व्हर्टिब्रल धमनी मानेच्या सहाव्या मणक्यापासून वर भोकाभोकांतून जवळजवळ सरळ चढते. पहिल्या मणक्याशी मात्र ती बाहेर वळते, मागे वळसा घेते आणि कवटीत शिरते. डोकं डावी-उजवीकडे फिरवण्याचं निम्मं काम नेमकं पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यातच होतं. म्हणजे झटक्याची ओढ बसते ती धमनीच्या या वळशावर. हाडवैद्याने बसवलेली मान किंवा कायरोप्रॅक्टरचा झटका, शरीरशास्त्र तेच.

न्यायाने बोलायचं तर उलटही घडतं. चीर आधीच पडलेली असते, तिच्यामुळे मान दुखते, आणि दुखते म्हणून माणूस ती मोडून घ्यायला जातो. दोष कुणाचा हा वाद नंतर घाला. डॉक्टरांना मात्र तारीख सांगा. कित्येक रुग्णांत काहीच कारण सापडत नाही, तेव्हा आठवलं नाही म्हणून हा आजार बाद होत नाही.

३. झटका आलाच तर पहिली दहा मिनिटं

तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं बोबडं, तोल गेला, नजर गेली: यातलं एकही अचानक झालं तर घड्याळ बघा आणि वेळ लिहा. लिहायची वेळ ‘कधी कळलं’ ही नव्हे, तर ‘शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं’ ही. सकाळी सहाला उठताना हात लुळा सापडला आणि रात्री अकराला माणूस नीट बोलून झोपला होता, तर वेळ अकरा. मोठी धमनी बंद असेल तर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात.

१०८ लावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात हाच नंबर आहे. गाडी येईपर्यंत माणसाला आडवं ठेवा, उलटी होत असेल तर कुशीवर करा, आणि मान पिळवटू देऊ नका. घरी ग्लुकोमीटर असेल तर साखर तपासा, कारण साखर खूप उतरली तरी हुबेहूब असाच झटका दिसतो.

काय करू नये याची यादी जास्त महत्त्वाची:

- तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, नारळपाणी नाही, तीर्थसुद्धा नाही. गिळण्याची शक्ती गेली असेल तर ते फुप्फुसात जातं.
- ॲस्पिरिन देऊ नका. हार्ट अटॅकचा नियम इथे लावू नका. सीटी होईपर्यंत मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे कुणालाच सांगता येत नाही.
- बीपी वाढलेलं दिसलं म्हणून जिभेखाली गोळी ठेवू नका. अडलेल्या वाटेतून मेंदूला रक्त पोचावं म्हणून शरीर बीपी चढवतं. ते धाडकन उतरवलं तर नुकसान वाढतं.
- लकव्यावरचं औषध, नाकात थेंब, कबुतराच्या रक्ताचं मॉलिश देणाऱ्याकडे वाट वाकडी करू नका. त्याच्याकडे गेलेले दोन तास परत मिळत नाहीत.

४. कुठे न्यायचं ते फोनवर ठरवा

जवळचं हॉस्पिटल नेहमीच योग्य हॉस्पिटल नसतं. तीन प्रश्न विचारा: सीटी स्कॅन आत्ता या वेळेला चालू आहे का? गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता का? न्यूरॉलॉजिस्ट, निदान फोनवर तरी, उपलब्ध आहे का? तिन्हींना ‘हो’ असेल तिथे जा. जिथे आधी ॲडमिट करून ‘सकाळी स्कॅन करू’ म्हणतात, तिथे थांबू नका. तालुक्याच्या गावातून जिल्ह्याला जायचं असेल, तर निघतानाच पुढच्या कॅज्युअल्टीला रुग्णाचं वय आणि शेवटची ठीक असलेली वेळ कळवा.

एकाने रुग्णाबरोबर निघायचं आणि दुसऱ्याने मागून पिशवी आणायची. पिशवीत हे हवं: आधार, रेशनकार्ड, मेडिक्लेमचं कार्ड, चालू गोळ्यांची पाकिटं (यादीपेक्षा पाकिटं बरी), जुने केसपेपर आणि मानेचे आधी काढलेले एक्स-रे किंवा स्कॅन. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. गोव्यात दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड बरोबर असू द्या. कागद राहिले तरी माणसाला नेणं थांबवू नका.

५. कॅज्युअल्टीत एक वाक्य सांगा

वाक्य असं तयार ठेवा: ‘मंगळवारपासून याची मान डाव्या बाजूने दुखतेय, आज सकाळी आठला बोलणं अडखळलं, पावणेआठला ठीक होता.’ मान, बाजू, वेळ, बस्स. घरातले लोक खूप बोलतात आणि नेमकी मानच राहून जाते, कारण तोंड वाकडं झाल्यावर दोन दिवसांपूर्वीची मानदुखी कुणाला आठवत नाही.

छातीत किंवा पाठीत फाडल्यासारखी कळ आली असेल तर तेही लगेच सांगा. कधी कधी हृदयातून निघणारी महाधमनीच फाटलेली असते आणि चीर वर मानेत चढलेली असते. अशा रुग्णाला गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन जिवावर बेतू शकतं.

६. फोटो मानेचाही हवा

आधी साधा सीटी, रक्तस्राव नाही ना हे बघायला. पाच मिनिटांचं काम. तो ‘नॉर्मल’ आला म्हणून सुटलो असं समजू नका. पहिल्या तासांत स्ट्रोक सीटीवर बहुधा दिसत नाही, आणि मानेची चीर तर साध्या सीटीत शोधायचीच नसते.

मागायची तपासणी म्हणजे डोकं आणि मान दोन्हींची सीटी अँजिओग्राफी, छातीतल्या महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत. शिरेतून डाय देऊन काही सेकंदांत फोटो निघतात. क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या रिपोर्टसाठी स्ट्रोकच्या रुग्णाला सहसा ताटकळत ठेवत नाहीत, पण मूत्रपिंडाचा आजार किंवा डायची ॲलर्जी असेल तर आधी सांगा. पावतीवर नुसतं ‘ब्रेन’ लिहिलंय की ‘ब्रेन अँड नेक’, ते एकदा वाचून बघा. फक्त डोक्याची अँजिओग्राफी करून मान सोडून देणं, ही चूक नेहमीची आहे.

एमआरआय करणार असतील तर मानेसाठी ‘टी-वन फॅट सॅच्युरेटेड’ हा वेगळा सीक्वेन्स लागतो. त्यात मानेच्या आडव्या कापात वाहतं रक्त काळा ठिपका दिसतं आणि त्याला बिलगून पांढरी चंद्रकोर, अगदी टिकलीसारखी. ती चंद्रकोर म्हणजे भिंतीत शिरलेलं रक्त. गंमत अशी, की पहिले दोन-तीन दिवस ती पांढरी दिसेलच असं नाही. म्हणून पहिल्या दिवशीचा एमआरआय नॉर्मल असूनही संशय दाट असेल, तर काही दिवसांनी तो पुन्हा करतात. मानेचा डॉपलर, म्हणजे रक्तवाहिन्यांची सोनोग्राफी, स्वस्त आहे, पण कवटीच्या तळाशी आणि पहिल्या मणक्याच्या वळशाशी त्याची नजर पोचत नाही, आणि चिरा नेमक्या तिथेच पडतात. डॉपलर नॉर्मल म्हणजे डिसेक्शन नाही, असं नव्हे.

उलटी चूकही होते. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात झालेल्या ‘कॅडिस’ या चाचणीत डिसेक्शन म्हणून घेतलेल्या २५० रुग्णांपैकी ५२ जणांचं निदान, तज्ज्ञांनी फोटो पुन्हा तपासल्यावर, टिकलं नाही. तेव्हा फिल्म नको, सीडी मागून घ्या. दुसरं मत घ्यायला तीच लागते.

७. इंजेक्शनच्या संमतीवर सही करताना

झटक्यापासून साडेचार तासांच्या आत असाल तर गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन देता येतं. अल्टिप्लेज किलोमागे ०.९ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त ९०. टेनेक्टिप्लेज किलोमागे ०.२५, जास्तीत जास्त २५. डोस वजनावर ठरतो, म्हणून रुग्णाचं खरं वजन सांगा. ‘धमनी फाटलीय, मग रक्त पातळ कसं करणार?’ ही शंका रास्त आहे. पण मानेतल्या चिरेसाठी हे इंजेक्शन वर्ज्य नाही. कवटीच्या आतल्या चिरेबाबत डॉक्टर जास्त सावध असतात, कारण तिथली भिंत पातळ असते आणि रक्तस्रावाची भीती खरी असते. धोका लपवण्यासारखा नाही: १९९५ च्या मूळ चाचणीत शंभरात सुमारे सहा जणांना मेंदूत त्रासदायक रक्तस्राव झाला होता.

मोठी धमनी बंद असेल तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून गुठळी ओढून काढतात. त्यासाठी सहा तास, आणि फोटोत मेंदू वाचण्याजोगा दिसला तर निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत. ही सोय मोजक्या शहरांत आहे. पहिल्या हॉस्पिटलात नसेल, तर इंजेक्शन सुरू करून पुढे पाठवता का, असं स्पष्ट विचारा.

८. घरी नेल्यावरच्या गोळ्या

रक्त पातळ ठेवणारं औषध साधारण तीन ते सहा महिने चालतं. ॲस्पिरिनसारखी गोळी की वॉरफरिनसारखी, यावर दोन डॉक्टर दोन मतं देतील. त्यात कुणी फसवत नाही. २०१५ मध्ये आलेल्या ‘कॅडिस’मध्ये तीन महिन्यांत पुन्हा स्ट्रोक आले ते २५० पैकी फक्त चौघांना, आणि दोन्ही गटांत ठोस फरक दिसला नाही. २०२१ च्या ‘ट्रीट-कॅड’ या चाचणीत ॲस्पिरिन वॉरफरिनसारख्या गोळीपेक्षा कमी पडत नाही हे सिद्ध झालं नाही. त्यामुळे चीर कुठे आहे, गुठळी दिसतेय का, यावर डॉक्टर ठरवतात. तुम्ही एकच विचारा: ‘कधीपर्यंत, आणि थांबवायचं कोण सांगणार?’ कारण खरा गोंधळ चौथ्या महिन्यात होतो. बरं वाटतंय म्हणून गोळी परस्पर बंद होते.

वॉरफरिन असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ते दाखवणारा तपासणीतला आकडा, दोन ते तीनमध्ये हवा. पालक, मेथी, कोथिंबीर बंद करायची गरज नाही. रोज साधारण सारख्या प्रमाणात खा. आठवडाभर शून्य आणि रविवारी पातळ भाजीचं पातेलं, असं केलं की आयएनआर घसरतो. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ही दुखण्यावरची औषधं आपल्या मनाने घेऊ नका. काढे, चूर्णं चालू असतील तर दाखवा. मूल होण्याची शक्यता असलेल्या बाईने वॉरफरिन सुरू करण्यापूर्वीच ते सांगायला हवं, त्याने गर्भाला इजा होते. पाळीच्या किंवा गर्भनिरोधक गोळ्यांचंही तसंच, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

९. मान सांभाळणं

पुन्हा फोटो काढून भिंत सांधल्याचं कळेपर्यंत मान मोडणं, मॉलिश, ट्रॅक्शन, उलटी आसनं, कुस्ती, जिममधली जड वजनं आणि जत्रेतले झटके देणारे पाळणे बंद. भरलेला गॅस सिलिंडर तीसेक किलोचा असतो, तो दुसऱ्याने उचलू दे. पाण्याचा हंडा डोक्यावर नको. पार्लरमध्ये केस पुढे वाकून धुवा. हेल्मेट आणि सीटबेल्ट मात्र सोडायचे नाहीत. फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा की डिसेक्शन आहे. हातापायांचे व्यायाम जोरात चालू द्या, मानेला हात लावू देऊ नका. चालणं चांगलं. अंथरुणाला खिळून राहण्याची गरज नाही. मान मोडण्याची सवय, भिंत सांधली तरी, कायमची सोडलेली बरी.

१०. कागद आणि विमा

डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘स्ट्रोक’ नको. कुठली धमनी, कुठली बाजू, ‘डिसेक्शन’ हा शब्द, आणि आधी दुखापत झाली असल्यास तिची तारीख, हे सगळं लिहून घ्या. रस्त्यावरच्या अपघातानंतर आठवड्याभराने झटका आला असेल, तर अपघाताच्या दिवशीचा केसपेपर आणि पोलिसातली नोंद जपून ठेवा. मोटार अपघात दाव्यात दोन घटनांचा संबंध तुम्हालाच दाखवावा लागतो.

क्रिटिकल इलनेस पॉलिसी असेल तर एक अट लक्षात ठेवा. स्ट्रोकमुळे आलेली कमजोरी किमान तीन महिने टिकल्याचा पुरावा मागतात, आणि नुसता तात्पुरता झटका धरत नाहीत. म्हणून तीन महिने झाल्यावर न्यूरॉलॉजिस्टकडून तपासणी करून ती लेखी घ्या. हाताची पकड, चालणं, बोलणं, सगळं त्यात येऊ दे.

११. तीन ते सहा महिन्यांनी पुन्हा फोटो

पहिला फोटो ज्या पद्धतीने काढला, शक्यतो त्याच पद्धतीने दुसरा, आणि जुनी सीडी बरोबर. बहुतेकांची अरुंद झालेली वाट या काळात मोकळी होते. काहींची धमनी बंदच राहते. बाकीच्या तीन धमन्या काम सांभाळत असतील तर ती उघडायच्या मागे सहसा कुणी लागत नाही. भिंतीवर छोटा फुगा राहिला तर रिपोर्टमध्ये ‘स्यूडोअन्युरिझम’ दिसेल. शब्द भीतिदायक आहे, पण मानेतला असा फुगा फुटणं विरळा, आणि बऱ्याचदा नुसतं लक्ष ठेवतात. पुन्हा चीर पडण्याचा धोका पहिल्या महिन्यात सर्वांत जास्त असतो, नंतर बराच उतरतो.

याच भेटीत आणखी दोन गोष्टी विचारा. एकापेक्षा जास्त धमन्या फाटल्या असतील, किंवा घरात कुणाची धमनी, आतडं वा गर्भाशय अचानक फाटल्याचा इतिहास असेल, कातडी पातळ असून सहज काळीनिळी पडत असेल, तर जोड-ऊतींच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करायची का? आणि बीपी तरुणपणीच चढं असेल तर मूत्रपिंडाच्या धमन्यांचा फोटो काढायचा का? फायब्रोमस्क्युलर डिसप्लेझिया नावाच्या आजारात मानेतल्या आणि मूत्रपिंडाच्या धमन्या एकाच वेळी बिघडलेल्या सापडतात.